फरशी पसंत आहे

मला थापाड्या म्हणतात, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. नसेल तर मीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा गोंधळ वाचेल. पुलावर वारा सुटला, मी छत्रीला धरून उडालो आणि थेट सासऱ्यांच्या कौलांवर उतरलो, ही माझीच गोष्ट. सासरे होते तोवर त्यांच्यादेखत सांगायचो आणि तेही मान डोलवायचे, कारण कौलं खरोखरच फुटली होती. तेव्हा आज जे सांगतोय त्यावर विश्वास ठेवा असा माझा काही आग्रह नाही. नाही ठेवलात तर उलट बरंच. फक्त मधे हसू नका. ही गोष्ट सांगताना समोरचा हसला की मला उगाच एकटं एकटं वाटतं.

दिवा आहे तेवढाच असू दे.

काम अगदी साधं होतं. भूकंपानंतर जी पक्क्या घरांची वसाहत बांधली, तिथे घरोघर जाऊन विचारायचं, की बुवा घर पसंत आहे का. आमची कंपनी असलीच कामं घेते. साबण पसंत आहे का, बँकेतली वागणूक पसंत आहे का. मी बोलघेवडा माणूस, लोक मला दारातून सहसा हाकलत नाहीत, म्हणून मला पाठवतात. पण ही वसाहत मी स्वतः मागून घेतली होती. तिथे माझी ताई राहत होती.

भूकंपात ताईचा नवरा गेला आणि मुलगीही गेली. दाजी दुसऱ्या दिवशी सापडले. मुलगी सापडलीच नाही. त्यानंतर ताई किती तरी काळ पत्र्याच्या शेडमध्ये होती, मग हे घर मिळालं. मी दर वेळी म्हणायचो, चल माझ्याकडे. बायकोने आतली खोली रिकामी करून ठेवली होती, खिडकीला नवा पडदा लावला होता. ताई म्हणायची, बघू. त्या 'बघू'मध्ये नकारसुद्धा नसायचा, इतका तो कोरडा असायचा. फोनवर तिचा आवाज दर खेपेला थोडा थोडा विझत चालला होता. अजून काही दिवस असेच गेले तर फोन उचलायला तिकडे कोणी उरणार नाही, असं मला वाटायला लागलं. म्हणून या वेळी ठरवूनच निघालो होतो. प्रश्न विचारायचे, उत्तरं घ्यायची आणि परत येताना ताईला घेऊन यायचं.

वसाहत चांगली होती. हे मी कंपनीचा माणूस म्हणून सांगत नाहीये. रस्ते सरळ, घरं एकासारखी एक, कोपरे सुरीने कापल्यासारखे. सिमेंटचा ओला वास अजून भिंतींतून गेला नव्हता. प्रत्येक घरापुढे थोडी मोकळी जागा, त्यात दोरीवर कपडे. पण आवाज नव्हता. कुठे रेडिओ लागलेला नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. उन्हाळा असून पंखेसुद्धा बंद. आधी मला वाटलं वीज गेलीय. मग एका घरात दिवा चालू दिसला.

पहिलं घर शिंप्याचं. गडी एकटाच होता. छत गळतं का? नाही. पाणी येतं? येतं. शेजार कसा आहे? ठीक आहे. उत्तरं अशी देत होता, जणू दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल विचारतोय मी. त्याचं मशीन खोलीत न ठेवता दाराच्या चौकटीतच अडकवल्यासारखं ठेवलं होतं. आत खाट भिंतीला, कपाट भिंतीला, आणि मधली जागा साफ मोकळी. शेवटचा प्रश्न असतो, घरातली सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती. इतर ठिकाणी लोक ओटा म्हणतात, स्वतःचा संडास म्हणतात, एका म्हाताऱ्याने एकदा 'दाराला आतून कडी आहे' असं सांगून बायकोकडे पाहिलं होतं.

शिंपी म्हणाला, "फरशी."

मी खाली पाहिलं. साधी करडी फरशी. दवाखान्यात असते तशी. मी विचारलं, हिच्यात काय एवढं? तर म्हणाला, जाड आहे.

पुढचं घर एका नर्सबाईचं. आवडलेली गोष्ट? फरशी. त्याच्या पुढे एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर आणि त्याची बायको, दोघांनी एकदमच सांगितलं, फरशी. मी म्हटलं, फरशीवाल्याने घरोघर मिठाई वाटली होती की काय? कोणी हसलं नाही. रागही आला नाही कुणाला. माझा विनोद कुठेच न लागता खोलीतून जाऊन पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडला. ड्रायव्हरच्या बायकोने मात्र समजुतीने सांगितलं, की पत्र्याच्या शेडला खाली नुसती माती होती हो, मातीत काही कळत नाही. काय कळत नाही, ते तिने सांगितलं नाही. तिथेही खाटा भिंतीला आणि मध्ये मोकळं.

दुपारी ताईकडे गेलो. ती वाळली होती, पण नीटनेटकी होती. घरसुद्धा तसंच. मी आल्याचा आनंद तिने केला, म्हणजे पाणी दिलं आणि भाजी जरा जास्त चिरायला घेतली. मी तिच्यासमोर बसून आमच्या मॅनेजरची गोष्ट रंगवून सांगायला लागलो. तो लिफ्टमध्ये अडकला आणि आतूनच सगळ्यांच्या बदल्या करत बसला, ती. दाजींना ही गोष्ट फार आवडायची. मी ऐन रंगात आलो होतो आणि ताईने अचानक सुरी खाली ठेवून माझ्या तोंडावर हात दाबला.

तिचा तळवा गार होता. कांद्याचा वास येत होता.

खिडकीतून रस्ता दिसत होता. शेजारचा गवंडी रस्त्याच्या मधोमध मूठ वर करून उभा होता. आणि सगळं थांबलं होतं. सायकलवाला एक पाय टेकवून तसाच. नळावरच्या बाईने नळ बंद केलेला. एक पोरगी उडी मारायला निघालेली ती गुडघे वाकवून तशीच. पलीकडे शिंप्याचं मशीन गप्प. ताई हळूच खाली वाकली, दुसरा हात तिने फरशीवर सपाट टेकवला आणि डोळे मिटले.

किती वेळ, ते सांगता यायचं नाही. गवंड्याने मूठ खाली घेतली आणि सायकल पुढे गेली, नळ सुटला.

ताईने सुरी उचलली. म्हणाली, हं, मग मॅनेजर काय म्हणाला? मला काही आठवेना.

मग तिने मला सांगितलं, भाजी चिरता चिरता, भाव सांगावा तशा आवाजात. ढिगारे उपसत होते तेव्हा असं चालायचं. कोणीतरी मूठ वर करायचं आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. यंत्रं बंद, फावडी बंद, रडणंसुद्धा बंद. मग ऐकायचं. खालून कोणी ठोकतंय का. ठोकलेलं ऐकू आलं तर वरून ठोकून उत्तर द्यायचं. एक, थांबून दोन. त्याचा अर्थ, कळलं, येतोय. आणि उत्तर दिलं की खणायलाच हवं, मग काहीही होवो. उगाच उत्तर द्यायचं नाही. ती सवय लोकांची गेली नाही. आता कोणालाही, कधीही वाटलं की तो मूठ वर करतो.

"पण इथे कशाला?" मी विचारलं. हे नवं माळरान होतं. जुनं गाव बसने जाण्याइतकं लांब. या जमिनीवर आधी कोणी झोपडंसुद्धा बांधलं नव्हतं.

ताईने चिरलेली भाजी पातेल्यात सरकवली.

"मी उत्तर दिलं होतं," ती म्हणाली.

मला हे ठाऊक नव्हतं. सगळे थकले होते तेव्हाची गोष्ट. ताईला आपल्या घराच्या जागी खालून ठोकलेलं ऐकू आलं, अगदी बारीक. तिने दगड घेतला आणि उत्तर दिलं. खालून परत आलं, एक, थांबून दोन. ताई माणसं बोलवायला धावली. ती परत येईपर्यंत कोणीतरी ठरवलं होतं, की आता खाली कोणी असणं शक्य नाही. मोठी यंत्रं सुरू झाली होती. त्या आवाजात पुढे कोणालाच काही ऐकू आलं नाही.

"शेडमध्ये काही कळायचं नाही," ताई म्हणाली. "पत्रा वाजायचा. इथे कळतं. पाया खोल आहे ना... फरशी चांगली आहे."

तेव्हा मला समजलं की मी सकाळपासून कशाची पसंती टिपून घेत होतो.

संध्याकाळी उजेड असतानाच पुन्हा एकदा बाहेर मूठ वर गेली. या वेळी मीही हात टेकवला. मला काहीही ऐकू येणार नाही अशी माझी खात्री होती, कारण थापा मारणाऱ्याला दुसऱ्याच्या थापा पटकन कळतात. फरशी गार होती. मग तळव्याला लागलं. कानाला नाही, आधी तळव्यालाच. टक्... आणि मग टक् टक्.

ताईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, दुःखही नव्हतं. आपण सांगितलेला पत्ता बरोबर निघाल्यावर माणूस पाहतो, तशी ती पाहत होती. मी हात उचलून घेतला.

त्या रात्री मी एक ठरवलं. हिला इथून न्यायचं तर वाद घालून उपयोग नाही. फरशी फोडायची. खाली माती आहे, नुसती माती, हे तिला तिच्या डोळ्यांनी दिसू दे. सकाळी तिला म्हटलं, ताई, खाली कोणी असेल तर मी स्वतः काढीन. आणि कोणी नसेल तर तू माझ्याबरोबर यायचं. तिने फरशीवरून एकदा तळवा फिरवला. मग म्हणाली, काढ. आणि आत जाऊन स्वतःच बॅग भरायला बसली.

गवंड्याला बोलवायला गेलो. या सगळ्या फरश्या त्यानेच बसवल्या होत्या, मजुरीवर. त्याने ऐकून घेतलं, छिन्नी-हातोडा काढला आणि उंबऱ्यावर थांबला.

"खणता येतं हो," तो म्हणाला. "सगळ्यांनाच येतं. पण खणलं आणि खाली कोणी नसलं, तर...?"

त्याची तीन माणसं गेली होती, आणि त्याची फरशी शाबूत होती.

तो फोडायला लागला तसे शेजारी येऊन दारात उभे राहिले. शिंपी, नर्सबाई, ड्रायव्हर आणि त्याची बायको. कोणी अडवलं नाही, कोणी विचारलं नाही. फरशी निघाली, खालचं काँक्रीट निघालं, दगडांचा थर, मग मुरूम. मग काळी माती लागली, कोणी कधी हात न लावलेली, तिच्यात कसल्या तरी गवताची जुनी मुळं. गवंड्याने कमरेइतका खड्डा केला आणि फावडं टेकवून उभा राहिला. शिंप्याने पुढे होऊन आत पाहिलं, मान वळवली आणि निघून गेला. मग एकेक करत सगळेच गेले. मी कोणाचं तरी काही तरी फोडलंय असं मला वाटत होतं, आणि त्यात फरशी सगळ्यात स्वस्त होती.

ताई काठाशी बसून आत पाहत होती.

"रिकामं आहे," ती म्हणाली. एवढंच. मग उठली, हात धुतले, चपला घातल्या.

मी सुटलो. बायकोला फोन केला, खोली झाडून ठेव म्हणून सांगितलं. अंगावर धुळीचा थर बसला होता, म्हणून डोक्यावरून आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला. ताईची बॅग उचलली, ती हलकी होती. आम्ही खड्ड्याच्या काठाने दाराकडे निघालो होतो आणि बाहेर गवंड्याने मूठ वर केली. त्याची पाठ आमच्याकडे होती. सवयीने केली असेल.

सगळं थांबलं. ताईने सवयीनेच खाली वाकून हात पुढे केला. तिथे आता फरशी नव्हती, खड्डा होता. तिचा हात मोकळ्या हवेत राहिला.

टक्.

तिने हात मागे घेतला नाही. नुसती मान वर केली.

टक् टक्.

"वरून येतंय," ती कुजबुजली.

मी म्हटलं, ऊन आहे, स्लॅब तापला की असा आवाज होतो. मी म्हटलं, पाण्याची टाकी. मी म्हटलं, पक्षी असेल. भराभरा तीन थापा मारल्या, पण एकही तिच्यापर्यंत पोचली नाही. ती छताकडे पाहत होती, आणि भूकंपानंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"मी उत्तर दिलं होतं ना, ते तिने ऐकलं..." ती म्हणाली. "त्या अंधारात तिला काय कळणार रे, कोण वर आणि कोण खाली? तिला वाटलं असणार, मीच अडकलेय."

मी तिचा दंड धरला.

"ती मला काढायला येतेय."

माझ्या हातातून ती कशी सुटली ते कळलं नाही. जोर लावला नाही तिने, नुसती सुटली. गवंड्याचा हातोडा तिथेच पडला होता. तिने तो घेतला, खड्ड्याच्या काठाशी स्टूल ओढून त्यावर चढली आणि दांड्याने छतावर ठोकलं. एक. थांबून दोन.

मी मागच्या दाराने पळालो. वर जायला भिंतीला लोखंडी शिडी होती, तिच्यावर गंज चढलेला, म्हणजे वर कोणी जात नसावं. कोणी वर असेल तर त्याला धरून खाली आणायचं, ताईसमोर उभं करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वर कोणी नव्हतं. लखलखीत ऊन, पांढरा स्लॅब, टाकीसुद्धा पलीकडच्या कोपऱ्यात. पण मधोमध, बरोबर जिथे खाली ताई उभी होती त्या जागी, स्लॅबला खळगा पडला होता. परातीएवढा. पाण्याने पडतो तसा नाही. खरवडलेला होता, बारीक दगडाने किंवा नखांनी, खूप दिवस, न थांबता. कडा ताज्या होत्या. तळाशी लोखंडाची सळई उघडी पडली होती.

मी मान वर केली. तिथून सगळ्या वसाहतीची छपरं दिसत होती. प्रत्येक छपराच्या मधोमध एक खळगा होता. शिंप्याचा उथळ. नर्सबाईचा खोल. गवंड्याच्या घरावर तीन होते.

मी तिथेच खळग्याशेजारी बसलो. खालून ताईचं ठोकणं येत होतं, शांतपणे, जराही घाई नसलेलं. बाहेर सगळे अजून गप्पच होते. आणि मग पुन्हा आवाज आला. खालून नाही. खळग्यातून नाही.

माझ्या डोक्यावरून.

वर आकाश होतं. निळं, रिकामं, ढगाचा ठिपकाही नाही. टक्. हात उंच केला असता तर लागला असता, इतक्या जवळून, लाकडी फळीवर वाजवावं तसं. टक् टक्.

माझी मूठ वळली होती, हे मला नंतर कळलं. कशावर ठोकणार होतो कोण जाणे.

खाली आलो तेव्हा ताई स्टुलावरून उतरून बसली होती. बॅग उघडली होती आणि कपडे परत कपाटात लावायला घेतले होते. तिने विचारलं, वर कोण होतं रे? जन्मभर मी न अडखळता खोटं बोललो. त्या वेळी मला एकही थाप सुचली नाही, आणि खरं काय ते तर ठाऊकच नव्हतं.

"खणतायत," मी म्हणालो.

ताई हसली. पूर्वी दाजी बाजारातून परतले की हसायची, तशी. मग म्हणाली, तू जा आता, बायको वाट बघत असेल. मला इथेच राहायला हवं. मी हलले आणि ते इथे पोचले तर? मी तिला न्यायला आलो होतो आणि एकटाच परत निघालो. बायकोला सांगितलं, ताईला घर पसंत आहे. पडदा अजून तसाच आहे.

फक्त एक राहिलं. निघताना ताईने मला थांबवलं. म्हणाली, थांब, किती माती पडलीय तुझ्यावर. माझ्या केसांवरून, खांद्यांवरून तिने हात फिरवला, लहानपणी शाळेतून आल्यावर झटकायची तसा. मी म्हटलं, सिमेंट असेल. पण मी आंघोळ केली होती, शर्ट स्वच्छ होता, आणि ते सिमेंट नव्हतं. पिवळसर माती होती. त्यात वाळल्या गवताचे तुकडे, आणि चुन्याचा एक पातळ पापुद्रा, एका बाजूने निळा रंगवलेला.

ताईने तो पापुद्रा चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

"गावातल्या आमच्या घराचं छत," ती म्हणाली. नवल वाटल्यासारखं नाही, ओळखीचं माणूस दिसल्यासारखं. तिने मूठ मिटली.

मी पक्क्या स्लॅबखाली उभा होतो. वर पाहिलं, छत कोरडं होतं, कुठे चीर नव्हती. आणि माझ्या खांद्यावर ती माती अजून पडत होती.